बिनमितीचे कागद

मराठीत 'मिती' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही वापरातले आहेत. जुन्या पत्रात किंवा खतावणीच्या माथ्यावर 'मिती श्रावण शुद्ध पंचमी' असे लिहीत, ती मिती म्हणजे तिथी. भूमितीच्या पुस्तकात द्विमिती, त्रिमिती असे शब्द येतात, ती मिती म्हणजे लांबी, रुंदी, उंची यांपैकी एखादी मोजण्याची दिशा. शाळेत हे दोन्ही अर्थ आम्ही वेगवेगळ्या तासांना शिकलो आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे कधी मनात आले नाही. तो संबंध ध्यानात आला तो पुष्कळ उशिरा, आजोबांच्या एका वहीच्या निमित्ताने, आणि तोवर त्या वहीपायी एक विहीर बुजवून झाली होती.

आमच्या आजोबांचे गाव धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी. या नदीवर जुने बंधारे आहेत, आणि त्यांच्या पाण्यावर चालणारी फड बागायत ही शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांसाठी चालवलेली व्यवस्था म्हणून अभ्यासकांना परिचित आहे. बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते, जमिनीचे फड पाडलेले असतात, एका फडात एका हंगामी सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी पाटकऱ्याने ठरल्या पाळीने द्यायचे, अशी त्याची साधारण रीत. आमची थोडी जमीन फडात होती आणि थोडी पाटाच्या वरच्या अंगाला, जेथे पाटाचे पाणी चढत नाही. त्या वरच्या जमिनीसाठी पणजोबांनी विहीर खणली होती. आजोबा गाठी मारलेला दोर विहिरीत सोडून पाणी किती हातांवर आहे ते पाहत आणि रोजकीर्दीच्या लांबट वहीत टिपून ठेवत.

वहीतल्या प्रत्येक ओळीत तीन आकडे आहेत. रकान्यांना मथळा नाही. महिन्याचे नाव क्वचित कोठे आहे. शक किंवा सन कोठेही नाही. आजोबांना त्याची गरज नव्हती. आपण कोणत्या वर्षात जगत आहोत हे त्यांना ठाऊक होते, आणि वही त्यांनी स्वतःसाठी लिहिली होती. आपल्यानंतर कोणी ती यंत्रात भरील, ही कल्पना त्यांनी करण्याचे कारण नव्हते.

आमचा पोटापाण्याचा व्यवसाय आकडेमोडीचा. २०१५ च्या दुष्काळी वर्षात गावाकडील चुलतभावाने त्या वहीच्या झेरॉक्स प्रती पाठवल्या, तेव्हा आम्ही मोठ्या हौसेने ते चारशेच्या वर ओळींचे आकडे संगणकावर उतरवून काढले. ओळींना काही ओळख नव्हती, म्हणून आम्ही डाव्या हाताला आणखी एक रकाना काढला आणि त्यात क्रमांक घातले : १, २, ३, ४. टंकताना जागा चुकू नये, एवढाच त्यामागे हेतू होता. पुढे आलेख काढताना आडव्या अक्षावर काहीतरी हवे होते. क्रमांक समोर होते, ते घेतले. आलेखावर क्रमांक दिसले की ते दिवस वाटू लागतात. आम्हांसही वाटले. पाण्याची रेघ डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली दिसत होती, उत्तरार्धात तर फारच.

विहिरीचे एका बाजूचे बांधकाम ढासळले होते. ती दुरुस्त करून गाळ काढावा, की बुजवून बोअर घ्यावी, असा प्रश्न घरात होता. चुलतभावाने आम्हांस विचारले, आणि आम्ही आलेख दाखवला. आजोबांच्या काळापासूनच हिचे पाणी उतरत आले आहे, असे म्हणालो. २०१६ च्या उन्हाळ्यात विहीर बुजवली. कोणी आम्हांस दोष दिला नाही आणि आजही देत नाही.

दीडएक वर्षानंतर तीच फाइल आम्ही दुसऱ्या कामाच्या ओघात 'एक्सअ‍ॅरे' नावाच्या लायब्ररीत उघडली. अनेक मितींचे आकडे हाताळण्यासाठी पायथॉन भाषेत लिहिलेली ही लायब्ररी आहे. ती काय करते हे थोडे सांगितले पाहिजे.

धुळे, साक्री, शिंदखेडा आणि शिरपूर या चार तालुक्यांचा पावसाळ्यातील रोजचा पाऊस मांडायचा आहे असे समजा. आकड्यांची एक चौकट तयार होईल. तिची एक मिती दिवसांची, दुसरी तालुक्यांची. 'नमपाय' या जुन्या लायब्ररीत (तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ ची) मितींना नावे नसतात, फक्त शून्य, एक, दोन असे अनुक्रम असतात. शून्यावी मिती दिवसांची आणि पहिली तालुक्यांची, हे लिहिणाऱ्याने आपल्या डोक्यात ठेवायचे. डोके बदलले की ते ज्ञान गेले. हवामानशास्त्राच्या आकड्यांत वेळ, अक्षांश, रेखांश, उंची अशा चार-चार मिती असतात आणि तेथे ही अडचण फार होते. स्टीफन हॉयर आणि त्यांचे सहकारी हवामानाच्या आकड्यांवर काम करणाऱ्या एका कंपनीत होते, तेथे त्यांनी यावर उपाय म्हणून ही लायब्ररी लिहिली. २०१४ मध्ये ती 'एक्सरे' या नावाने सर्वांस खुली झाली आणि २०१६ च्या आरंभी तिचे नाव बदलून 'एक्सअ‍ॅरे' झाले. तिच्यात प्रत्येक मितीला नाव असते : दिवस, तालुका. शिवाय त्या मितीवरील प्रत्येक स्थानाला आपली खूण देता येते : १ जून, २ जून, धुळे, साक्री. या खुणांना आपण शाळेतल्या भूमितीतला 'निर्देशक' हा शब्द वापरू.

आता प्रश्न असा, की एखाद्या मितीला नाव आहे, पण निर्देशक नाहीत, तर काय करायचे? आमच्या वहीतल्या ओळींचे नेमके हेच होते. 'ओळ' हे मितीचे नाव आम्ही देऊ शकत होतो. पण कोणती ओळ कोणत्या दिवसाची, हे सांगू शकत नव्हतो.

आरंभीच्या काळात ही लायब्ररी अशा ठिकाणी आपणहून शून्य, एक, दोन, तीन असे निर्देशक भरून देई. त्यामागे सद्हेतू होता. सर्व मिती एकसारख्या वागाव्यात, म्हणजे पुढचे गणित सोपे पडते. पण छापून दाखवताना त्या भरलेल्या आकड्यांपुढेही तीच चांदणी उमटे, जी खऱ्या तारखांपुढे किंवा खऱ्या तालुक्यांपुढे उमटत असे. कोणते निर्देशक माणसाने जाणून दिले आणि कोणते जागा रिकामी राहू नये म्हणून आले, हे पाहणाऱ्यास कळण्याचा मार्ग उरत नसे.

आणि हा केवळ दिसण्याचा प्रश्न नव्हता. ही लायब्ररी दोन चौकटींची बेरीज करते, ती निर्देशक जुळवून. एका चौकटीत १ जून ते ३० सप्टेंबर असे १२२ दिवस आहेत, दुसरीत ११ जूनपासूनचे ११२. दोहोंना तारखा असतील तर ११ जून ११ जूनशी जुळेल आणि सामाईक ११२ दिवसांची बेरीज बरोबर येईल. तारखा नसतील आणि त्यांच्या जागी शून्यापासून क्रमांक भरले असतील, तर शून्य शून्याशी जुळेल, म्हणजे १ जूनचा पाऊस ११ जूनच्या पावसात मिसळेल. पहिल्या चौकटीतले सप्टेंबरचे शेवटचे दहा दिवस मुकाट्याने गळून पडतील. आणि उत्तर ११२ दिवसांचेच, दिसायला नीटनेटके येईल. यंत्र कोठेही अडणार नाही. याउलट निर्देशक मुळीच नसतील आणि ते नाहीत हे यंत्राला ठाऊक असेल, तर १२२ आणि ११२ यांचा मेळ बसत नाही, असे सांगून ते थांबेल. दोन्ही चौकटी योगायोगाने सारख्याच लांबीच्या असल्या तर मात्र हा बचावही चालत नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही, जेथे अडायला हवे तेथे अडणे, हा अज्ञान उघडपणे मान्य केल्याचा पहिला लाभ.

जानेवारी २०१७ मध्ये ०.९ ही आवृत्ती निघाली आणि तिच्यात ही रीत बदलली. निर्देशक देणे ऐच्छिक झाले. दिले नाहीत तर यंत्र आपल्या पदरचे भरीनासे झाले. पण त्यातून एक नवी अडचण उभी राहिली. जे आहे ते दाखवणे सोपे असते. जे नाही ते पडद्यावर कसे दाखवायचे? निर्देशकांच्या यादीत त्या मितीची ओळ नुसती गाळली, तर वाचणाऱ्याला ते गाळणे दिसणार नाही. नसलेल्या गोष्टीला जागा नसते. म्हणून यादीच्या खाली एक स्वतंत्र ओळ घालण्यात आली. ०.९.० मध्ये तिचा मथळा होता 'अनइंडेक्स्ड डायमेन्शन्स', म्हणजे सूची नसलेल्या मिती. लगेच, त्याच महिन्यातल्या ०.९.१ या दुरुस्त आवृत्तीत, तो बदलून 'डायमेन्शन्स विदाउट कोऑर्डिनेट्स' असा झाला : निर्देशकाविना मिती.

दोन शब्दांचा हा बदल आम्हांस मोठा वाटतो. सूची ही यंत्राच्या पोटातली गोष्ट आहे. ती नाही म्हटल्याने काम करणाऱ्या माणसास फारसे काही कळत नाही. निर्देशक नाहीत म्हटले, की आपल्यापाशी काय नाही हे त्यास कळते. पहिला मथळा यंत्राची स्थिती सांगतो, दुसरा आपल्या ज्ञानाची.

आमची फाइल उघडली तेव्हा पडद्यावर हीच ओळ आली. क्रमांकांचा रकाना त्या खेपेस घेतलेला नव्हता; आम्हांस फक्त आकडे हवे होते. चौकट दिसली, आणि खाली : निर्देशकाविना मिती — ओळ, रकाना. दोन्ही. आम्ही बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसलो. तीन रकाने कशाचे, हे आम्हांस माहीत नव्हते. ओळींचा क्रम कोठून आला, हेही नव्हते. आमच्या आलेखाचा आडवा अक्ष आम्हीच लिहिला होता, या गोष्टीचे त्या क्षणापर्यंत आम्हांस विस्मरण झाले होते.

त्या दिवाळीत धुळ्यास आत्याकडे गेलो तेव्हा झेरॉक्सचा गठ्ठा सोबत नेला. तिने चष्मा लावून पाने उलटली आणि अहिराणीत विचारले, की ही सगळी पाने सुलटी कोणी केली? आजोबा वही दोन्हीकडून लिहीत. एका अंगाने भरत आली की उलटी करून दुसऱ्या अंगाने सुरू करीत. अर्धी पाने मुळात डोक्यावर उभी होती. झेरॉक्स काढणाऱ्याने वाचायला सोयीची व्हावीत म्हणून ती फिरवून घेतली होती, आणि अर्थातच गठ्ठ्यात ती पाने शेवटाकडून सुरुवातीकडे लागली होती. आमच्या आलेखाचा उत्तरार्ध म्हणजे तो भाग. तो उलटा वाचला, तर पाणी चढत गेले होते असे म्हणावे लागते. आणि दोन अंगांपैकी आधीचे कोणते, हे आत्यालाही सांगता येईना. तिसरा रकाना मोटांचा असावा असे तिला वाटले. पण 'असावा' म्हणाली, 'आहे' म्हणाली नाही. आमच्यापेक्षा तिने शब्द जपून वापरला.

धुळ्यात हे घडावे, हे आम्हांस त्यानंतर अनेकदा आठवते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे देहावसान याच शहरी, ३१ डिसेंबर १९२६ रोजी झाले, आणि १९२७ मध्ये येथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला; पुढे ती माला बावीस खंडांपर्यंत गेली. गावोगाव हिंडून मिळवलेल्या मोडी पत्रांवर तिची उभारणी आहे. आणि त्या काळच्या मोडी पत्रांची एक जुनी अडचण आमच्या वहीसारखीच आहे.

पेशवाईतील पत्राच्या शेवटी बहुधा चांद्र तारीख असते : 'छ ७ रमजान'. 'छ' हे अक्षर चांद्र तारखेची खूण. दिवस आहे, महिना आहे, पण कित्येक पत्रांत वर्ष नाही. असते तेव्हा ते शुहूर सनाचे असते आणि अरबी शब्दांत लिहिलेले असते. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. ११६१ म्हणजे १७६०-६१, पानिपतचे साल. हे वर्ष मृगापासून सुरू होते. जेथे हे शब्द आहेत तेथे प्रश्न नाही. जेथे नाहीत तेथे पत्र लिहिणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वर्ष ठाऊक होते, म्हणून ते लिहिलेले नाही. आजोबांचेच कारण.

अशा पत्राचे वर्ष काढण्याची रीत मोठी सुरेख आहे. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरसाल तितका अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांनी सर्व ऋतूंतून फिरून पुन्हा जागेवर येतो. पत्रात नद्यांना पूर असल्याचे लिहिले असेल, तर रमजान पावसाळ्यात आला अशी त्या तेहतीसांपैकी साधारण अकरा वर्षे उरतात. वार दिलेला असेल तर त्यांतून एक-दोन. पत्रात कोणा सरदाराचे नाव असेल आणि तो केव्हा वारला हे अन्यत्र ठरलेले असेल, तर बहुधा एकच. ऋतू, वार, माणसे, असे एकेक साक्षीदार उभे करून वर्ष निश्चित होते.

पण सर्व पत्रांत इतके साक्षीदार नसतात, आणि खरी परीक्षा तेथे होते. गठ्ठा छापायचा तर पत्रांना कोणता तरी क्रम द्यावा लागतो. लेखांक १, लेखांक २, लेखांक ३. क्रम दिला की तो कालक्रम वाटतो. एका पत्रातील हालचाल दुसऱ्यातील हालचालीचे कारण वाटू लागते. मग त्यावर कोणी प्रकरण लिहितो आणि त्या प्रकरणावर दुसरा कोणी ग्रंथ. यावर विचारी संपादकांनी शोधलेला उपाय साधा आहे. पत्रात लिहिलेली मिती तशीच द्यायची. आपण तर्काने काढलेली कंसात द्यायची. आणि काढता आली नाही तर तसे लिहायचे. छापील पानावर कंसाची दोन चिन्हे जे काम करतात, तेच ती खालची ओळ पडद्यावर करते. कागदाने काय सांगितले आणि आपण त्यात काय घातले, यांच्यामध्ये ती कुंपण घालते.

लायब्ररीच्या पुढील वाटचालीविषयी एक तक्रार नोंदवून ठेवतो. नुसत्या मजकुराच्या रूपात चौकट दाखवली तर ती ओळ आजही येते. पण ब्राउझरमधील रंगीत, उघड-मिट होणाऱ्या मांडणीत तिला जागा नाही. तेथे निर्देशक असलेल्या मितीचे नाव ठळक अक्षरांत येते आणि नसलेल्या मितीचे साध्या. मांडणी देखणी आहे, यात शंका नाही. पण ठळकपणाचा अर्थ ज्यास आधीच ठाऊक आहे, त्यासच तो कळणार. नाही हे शब्दांत सांगितले तर अनभिज्ञालाही कळते. अक्षराच्या जाडीवर सोपवले तर ते जाणत्यांपुरते उरते. त्या दिवशी आमच्या पडद्यावर फक्त साध्या अक्षरांतली 'ओळ' आली असती, तर आम्ही तिच्याकडे पाहिलेही नसते आणि गठ्ठा घेऊन आत्याकडे गेलो नसतो.

अज्ञान कबूल करावे, हा उपदेश आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आणि तो नैतिक उपदेश आहे असेच समजत आलो. आता वाटते, की तो बराचसा मांडणीचाही प्रश्न आहे. आम्ही खोटे बोललो नव्हतो. आमच्या टेबलात 'माहीत नाही' असे लिहायला जागाच नव्हती, आणि रिकाम्या रकान्यात आम्ही हाताशी होते ते भरले. प्रत्येक अर्जात, प्रत्येक नोंदवहीत, प्रत्येक सरकारी तक्त्यात कोणीतरी असे काहीतरी भरत असणार : जन्मतारीख माहीत नाही म्हणून १ जून, मोजले नाही म्हणून शून्य. एक जून हा खराच कोणाचा तरी वाढदिवस असतो आणि शून्य हे खरेच कधीतरी मोजलेले उत्तर असते, म्हणूनच ही भर ओळखू येत नाही.

विहिरीचे पाणी खरोखर उतरत होते का, हे आता कळणार नाही. कदाचित बुजवणेच योग्य असेल. बांधकाम ढासळलेले होते, हे तर खरेच आहे. पण तो निर्णय घरातल्यांनी आमच्या रेघेवर घेतला, आणि ती रेघ आजोबांच्या आकड्यांची कमी आणि आमच्या क्रमांकांची अधिक होती. चुलतभावाला आम्ही हे सारे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, की तेव्हा सांगितले असते की माहीत नाही, तर एक उन्हाळा थांबलो असतो.

वहीची फाइल आम्ही नव्याने केली आहे. वहीची दोन अंगे वेगळी ठेवली. त्यांतील आधीचे कोणते याविषयी काही लिहिले नाही. क्रमांकांचा रकाना काढून टाकला. तिसऱ्या रकान्यापुढे कंसात 'मोटा, आत्याच्या आठवणीनुसार' असे लिहिले. फाइल उघडली की खाली अजूनही तीच ओळ येते आणि 'ओळ' ही मिती तीत असते.